एकट्यानेच कॉमिक कॉनला जाताय आणि गर्दीत दमायला होतं? मग हे वाचून जा

शनिवारची दुपार, साधारण तीनची वेळ. मुंबईतल्या एका फॅन कन्व्हेन्शनचा पहिलाच दिवस होता आणि मी जिन्याच्या कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. मोबाईल चार्जिंगला लावलाय असं दाखवत होते, खरं तर फोन ऐंशी टक्के होता. आत माझ्या आवडत्या चित्रकाराचा स्टॉल होता. तिकीट महिनाभर आधी काढलेलं. आणि मला फक्त घरी जायचं होतं.

सोबत कुणी नव्हतं. ओळखीत कुणालाच कॉमिक्समध्ये रस नाही. आठवडाभर ऑफिसमध्ये उशिरापर्यंत थांबून आले होते. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: एवढ्या आवडीच्या ठिकाणी येऊन इतकं नकोसं का वाटतंय?

हा प्रश्न पडणारे खूप जण असतात. म्हणूनच फॅन कन्व्हेन्शन म्हणजे नेमकं काय, तिथे इतकं दमायला का होतं आणि एकट्याने गेल्यावर दोन-चार दिवस नीट कसे काढायचे, हे समजून घेऊया.

फॅन कन्व्हेन्शन म्हणजे काय?

एखाद्या गोष्टीचे, म्हणजे कॉमिक्स, अ‍ॅनिमे, विज्ञानकथा, गेम्स किंवा मालिकांचे चाहते एकत्र जमतात तो मेळावा म्हणजे फॅन कन्व्हेन्शन. यात लेखक-कलाकारांच्या मुलाखती आणि चर्चा (यांना 'पॅनल' म्हणतात), सह्या, विक्रीचे स्टॉल आणि आवडत्या पात्राचा वेश करून येणं, म्हणजेच कॉस्प्ले, असं सगळं असतं.

सगळ्यात प्रसिद्ध आहे अमेरिकेतलं सॅन डिएगो कॉमिक-कॉन. १९७० च्या ऑगस्टमध्ये एका हॉटेलात ते तीन दिवस भरलं तेव्हा सुमारे ३०० लोक आले होते. आज बुधवारची प्रिव्ह्यू नाईट आणि नंतरचे चार दिवस मिळून सव्वा लाखाहून जास्त लोक येतात. टोकियोचं 'कॉमिकेट' १९७५ च्या डिसेंबरमध्ये ३२ गट आणि सुमारे ७०० लोकांवर सुरू झालं. आता तिथे लाखोंची गर्दी होते. आपल्याकडे कॉमिक कॉन इंडियाची सुरुवात २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये झाली. आता मुंबईसह अनेक शहरांत शनिवार-रविवार गाठून दोन किंवा तीन दिवसांचे कार्यक्रम होतात.

एकटं जाणं विचित्र आहे का?

अजिबात नाही. उलट या मेळाव्यांची मुळं बघितली तर गंमत वाटेल.

१९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू झालं. त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पूर्ण पत्त्यासह छापली जायची. गावात आपल्यासारखं वाचणारं कुणी नाही, म्हणून वाचक त्या पत्त्यांवर एकमेकांना पत्रं लिहू लागले. पत्रांतून क्लब झाले आणि क्लबांतून भेटी. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं 'वर्ल्डकॉन' भरलं, तेव्हा सुमारे २०० जण जमले. म्हणजे आज आपण ज्याला गजबजाट समजतो, तो घरात एकट्याने बसून वाचणाऱ्या लोकांनी सुरू केलेला आहे.

आपल्याकडे पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला पाचही दिवस एकट्याने येऊन बसणारे रसिक असतातच की. त्यांना कुणी 'सोबत कोण आहे?' असं विचारत नाही.

अर्थात एक गोष्ट मान्य करायला हवी. एकटं जाणं दरवेळी आपण निवडलेलं नसतं. कधी सोबत यायला खरंच कुणी नसतं आणि ते लागतं. तिथे ग्रुपने आलेले लोक बघून जास्तच लागतं. हे वाटणं चुकीचं नाही. पण त्यामुळे न जाण्याचंही कारण नाही.

अंतर्मुख म्हणजे लाजाळू का?

नाही. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकामुळे प्रचारात आले. आज मानसशास्त्रात या दोन वेगळ्या पेट्या मानत नाहीत. ती एक पट्टी आहे आणि बहुतेक लोक तिच्यावर मध्ये कुठेतरी असतात.

लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची भीती वाटते. अंतर्मुख माणूस छान गप्पा मारू शकतो, स्टेजवरही बोलू शकतो, पण त्यानंतर त्याला एकांत लागतो. तुम्ही त्यात आधीच थकलेले असाल तर हा एकांत आणखी लवकर लागतो.

मग तिथे नेमकं दमवतं काय?

फक्त माणसांची संख्या नाही. बऱ्याच छोट्या गोष्टी एकत्र येतात.

आवाज: स्टेजवरचा माईक, गेमिंगच्या भागातले स्पीकर आणि हजारो लोकांचं बोलणं एकाच हॉलमध्ये.

उभं राहणं: आत जायला रांग, सहीला रांग, खायला रांग, वॉशरूमला रांग.

निर्णय: आता पॅनल की स्टॉल? हा प्रिंट घ्यायचा की तो? जेवायचं की रांग धरायची? सोबत कुणी असलं की हे निर्णय वाटले जातात. एकट्याला सगळे स्वतः घ्यावे लागतात, पिशवीही स्वतःच सांभाळावी लागते.

आणि सगळ्यात जड असतो तो हिशोब. 'तिकिटाचे एवढे पैसे दिलेत, प्रवास केलाय, मग सगळं बघायलाच हवं.' खरं तर सगळं बघणं कुणालाच शक्य नसतं, कारण एकाच वेळी अनेक ठिकाणी कार्यक्रम सुरू असतात. दिलेले पैसे परत येत नाहीत, तुम्ही दहा तास उभे राहा किंवा चार. त्या चार तासांत काय बघायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

जाण्याआधी काय ठरवायचं?

१. रोजची एकच 'हवीच' गोष्ट. वेळापत्रक आलं की प्रत्येक दिवसासाठी एकच गोष्ट पक्की करा. एक पॅनल, एक सही किंवा एक स्टॉल. ती झाली की दिवस वसूल. बाकी मिळेल ते बोनस.

२. परत आत सोडतात का, ते बघा. काही ठिकाणी मनगटावरचा पट्टा किंवा बॅज दाखवून बाहेर जाऊन परत येता येतं, काही ठिकाणी नाही. तिकिटाच्या नियमांत हे लिहिलेलं असतं. तुमच्या दिवसाचा सगळा आराखडा यावर ठरतो. खाण्याचे डबे आणि पाण्याची बाटली आत नेता येते का, तेही तिथेच वाचा.

३. राहायची जागा जवळ घ्या. पैसे वाचवायला लांब राहिलात तर दुपारी पाठ टेकायची सोय जाते. मुंबईतला कार्यक्रम बीकेसीत असेल तर मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन सोयीचं पडतं. कुर्ला किंवा वांद्र्याहून शेअर रिक्षाच्या रांगेत जाणारी ताकद वाचते.

४. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर आधीच बोला. पुण्या-नाशिकहून आलेले अनेक जण मुंबईत आत्याकडे किंवा मावशीकडे राहतात. दिवसभर गर्दीत काढून घरी गेलं की तिथे गप्पांची दुसरी पाळी सुरू होते. आत्याचं प्रेम असतं, पण तुमच्यात जीव उरलेला नसतो. आधीच फोन करून सांगा, 'आत्या, मी रात्री जेवूनच येईन आणि आल्या आल्या झोपेन. सोमवारी सकाळी मात्र निवांत बसू.' ऐनवेळी तोंड पाडून बसण्यापेक्षा हे दोघांनाही बरं.

५. नंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. सोमवारची सुट्टी मिळत नसेल तर रविवारी लवकर निघा.

तिथे गेल्यावर काय करायचं?

कन्व्हेन्शनला नेहमी जाणाऱ्यांमध्ये '६-२-१' नावाचा एक साधा नियम आहे. रोज किमान सहा तास झोप, दोन वेळचं नीट जेवण आणि एक आंघोळ. काही जण झोप पाच तासांवर आणतात, पण तुम्ही आधीच थकलेले असाल तर सहालाही किमानच समजा.

आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीही विकत घेऊ नका. वॉशरूम, पाणी, बसायची जागा आणि बाहेर पडायचा रस्ता शोधून ठेवा. काही कन्व्हेन्शनमध्ये, विशेषतः वर्ल्डकॉनसारख्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मेळाव्यांत, शांत बसण्यासाठी 'क्वाएट रूम' ठेवलेली असते. ती नसेल तर गर्दीच्या हॉलपासून लांबचा एखादा मजला किंवा बाहेरचा कट्टा हेरून ठेवा. आणि दम लागायची वाट न बघता दर दीड-दोन तासांनी तिथे जाऊन बसा.

पॅनलचा वापर विश्रांतीसाठीही करता येतो. अंधार, खुर्ची आणि कुणाशीही बोलायची गरज नाही. सॅन डिएगोला एक पॅनल संपल्यावर हॉल रिकामा करत नाहीत, त्यामुळे साडेसहा हजार खुर्च्यांच्या 'हॉल एच'मध्ये लोक सकाळी बसतात ते संध्याकाळीच उठतात. तुमच्याकडे असाच नियम असेल तर आवडत्या पॅनलच्या आधीच्या कार्यक्रमाला जाऊन बसा. पायांना आराम मिळतो आणि जागाही पक्की होते.

कानात घालायचे फोमचे बोळे सोबत ठेवा. आवाज पूर्ण बंद होत नाही, पण त्याची धार जाते.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर?

स्वतंत्र चित्रकार आणि लेखक जिथे टेबल मांडून बसतात त्या 'आर्टिस्ट अ‍ॅली'पासून सुरुवात करा. इथे विषय टेबलावरच ठेवलेला असतो. 'हे पान काढायला किती वेळ लागला?' एवढं विचारलं तरी पुरतं. समोरचाही अनेकदा तुमच्याइतकाच अंतर्मुख असतो. दोन मिनिटं बोलून 'थँक्यू' म्हणून पुढे गेलात तर कुणाला वाईट वाटत नाही.

रांगेतल्या गप्पाही सोप्या, कारण रांग पुढे सरकली की त्या आपोआप संपतात.

ऑटिस्टिक लोकांच्या मेळाव्यांतून आलेली रंगीत बिल्ल्यांची पद्धत काही कन्व्हेन्शनमध्ये दिसते. हिरवा म्हणजे बोलायला या, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी यावं, लाल म्हणजे आत्ता नको. तशी सोय नसेल तर कानातले हेडफोनही तेच काम करतात.

कॉस्प्ले केलेल्या कुणाचाही फोटो विचारूनच काढा. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे फलकच लावले होते. हा नियम तुमच्या बाजूनेही लागू आहे. एकट्या मुलीला कुणी त्रास देत असेल, मागे मागे फिरत असेल तर सरळ स्वयंसेवकाकडे किंवा सुरक्षारक्षकाकडे जा. तुम्ही कुठे आहात आणि किती वाजता निघणार, हे घरच्या एका माणसाला मेसेज करून ठेवा.

आणि मध्येच निघावंसं वाटलं तर?

आधी तीन गोष्टी तपासा. शेवटचं कधी खाल्लं? पाणी कधी प्यायलात? किती वेळ उभे आहात? निम्म्या वेळा उत्तर यातच सापडतं. खा, बसा आणि अर्धा तास थांबा.

त्यानंतरही नकोच वाटत असेल तर निघा. उद्याचा दिवस बाकी असेल तर आज लवकर झोपणं ही उद्याची तयारी आहे. आणि हा थकवा कन्व्हेन्शनपुरता नसेल, कित्येक आठवडे झोपूनही जात नसेल, तर ते डॉक्टरांना दाखवायला हवं.

परत आल्यावर उदास का वाटतं?

दोन-चार दिवस सगळे तुमची भाषा बोलत असतात आणि सोमवारी एकदम ऑफिस. चाहते याला 'कॉन ड्रॉप' म्हणतात. काही दिवसांत तो जातो. आणलेला प्रिंट भिंतीवर लावा, ज्यांचं काम आवडलं त्यांना मेसेज करा. लिहून बोलणं तर आपल्याला जमतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्दी-खोकला, ज्याला गमतीने 'कॉन क्रड' म्हणतात. गर्दीत मास्क लावला तर फायदा होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'अ‍ॅनिमे एनवायसी'ला सुमारे ५३ हजार लोक आले होते. तिथे जाऊन आलेल्या एकाला ओमायक्रॉन झाल्याचं कळल्यावर अमेरिकेच्या सीडीसीने तपास केला, पण मोठ्या प्रमाणावर संसर्ग पसरल्याचं आढळलं नाही. लसीकरण, मास्क आणि खेळती हवा यांचा त्यात हातभार असावा, असं तपासातून पुढे आलं.

त्या शनिवारी मी जिन्यावर चाळीस मिनिटं बसले. मग एक वडापाव खाल्ला, त्या चित्रकाराच्या स्टॉलवर गेले, एक प्रिंट घेतला, दोन वाक्यं बोलले आणि पाच वाजता घरी निघाले. रविवारी बारा वाजता परत गेले आणि तीन तास थांबले. दोन दिवसांत मी कार्यक्रमातलं फार तर पाव बघितलं असेल. तो प्रिंट आज माझ्या टेबलासमोर आहे. पुढच्या वर्षीही मी जाणार आहे, बहुतेक एकटीच.