जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी पाच वर्षांचा हिशोब मांडा

नवीन असताना एखाद्या फ्लॅटच्या भावात विकली गेलेली ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेड फोर आज १२-१५ वर्षांनंतर नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळते. मोबाईलवर जाहिरात दिसते, गाडी चकाचक असते आणि घरातला तरुण मुलगा म्हणतो, "अब्बा, एवढ्यात तर नवीन हॅचबॅक येते, मग हीच का नको?"

प्रश्न रास्त आहे. पण जुनी झाली म्हणून गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. पार्ट, टायर, गिअरबॉक्स, सरकारी फी हे सगळे ती गाडी मुळात ज्या दर्जाची होती त्याच दराने लागते. म्हणून सौदा करण्याआधी पुढच्या पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडून बघावा.

आरटीओचा खर्च

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून साध्या कारसाठी ही फी ५,००० रुपये आणि आयात केलेल्या कारसाठी ४०,००० रुपये आहे. २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांची फी दुप्पट झाली, म्हणजे साध्या कारला १०,००० आणि आयात कारला ८०,००० रुपये. बहुतेक स्पोर्ट्स कार परदेशातून तयार होऊनच आलेल्या असतात. त्यामुळे आरसीवर 'इम्पोर्टेड' नोंद आहे का, ते आधी बघा. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. २०११-१२ ची गाडी घेत असाल तर हा सगळा खर्च तुमच्याच वाट्याला येणार आहे.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, हेही समजून घ्या. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत कमी भावात विकल्या जातात. अशी गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एनओसी आणून नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. हा टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाची वजावट करून ठरतो. तुम्ही कितीला घेतली, त्यावर नाही.

इन्शुरन्स किती भरून देईल?

१५०० सीसीच्या वरच्या कारचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी असा आहे. गाडी १० वर्षे जुनी असली तरी तेवढाच. खरी अडचण क्लेमच्या वेळी येते. १० वर्षांवरील गाडीच्या धातूच्या पार्टवर कंपनी ५० टक्के घसारा कापते. रबर आणि प्लास्टिकच्या पार्टवर तर गाडी नवीन असली तरी ५० टक्केच मिळतात. अपघातात १ लाखाचे पार्ट बदलले तर जवळपास ५० हजार आपल्या खिशातून जातात. घसारा न कापणारी 'झिरो डेप' पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

दुरुस्ती आणि पेट्रोल

ऑडी टीटीचे उदाहरण घेऊ. तिच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागतात. आधीच्या मालकाने ते टाळले असेल आणि गिअरबॉक्स बिघडला, तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. टीटीच्या सुरुवातीच्या २ लिटर टर्बो इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, तो ठरलेल्या मुदतीत बदलला नाही तर इंजिनच जाऊ शकते. नंतरच्या इंजिनात चेन आहे, पण तिचा टेन्शनर आणि इंजिन ऑइल खाण्याची सवय या दोन तक्रारी जगभर माहीत आहेत. छप्पर उघडणारी गाडी असेल तर त्याच्या मोटर आणि हायड्रॉलिकचा खर्च वेगळा.

शहरात अशी गाडी लिटरला १० किलोमीटर देईल असे धरा. महिन्याला ८०० किलोमीटर फिरलात आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ८,४०० रुपये. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लागणार असेल तर त्याहून जास्त. शिवाय २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल डोळ्यापुढे ठेवून या जुन्या गाड्या बनलेल्याच नाहीत. त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि रबरी सील तपासून घ्यावेत. कोकणात किंवा गावाकडे जाणे-येणे असेल तर खालून टेकणारी गाडी आणि रुंद, पातळ टायर खड्ड्यांत किती टिकतील, याचाही विचार करा.

दुबईहून आणता येईल का?

आखातात काम करणारे आपले बरेच भाऊ तिकडचे भाव बघून हा प्रश्न विचारतात. उत्तर सरळ आहे: नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे, असा नियम आहे. आखातातल्या गाड्यांचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते.

पैसा कुठून येणार?

१०-१२ वर्षांच्या गाडीला बँका सहसा वाहन कर्ज देत नाहीत. मग माणूस पर्सनल लोन काढतो किंवा अम्मीचे दागिने गहाण ठेवतो, आणि दोन्हीकडे व्याज येते. गरजेच्या घरासाठी सुद्धा व्याज टाळण्याची धडपड करणारे कुटुंब शौकाच्या गाडीसाठी त्यात अडकले, तर घरात बरकत कशी राहणार? हलाल कमाईतून शौक करायला मनाई नाही. पण घरखर्च, मुलांची फी आणि कर्जफेड मागे ठेवून केलेला शौक इस्राफमध्ये जातो. स्वतःच्या वापरातल्या गाडीवर जकात नाही. मात्र गाडीसाठी साठवलेली रक्कम निसाबच्या वर असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष उलटले, तर तिची जकात द्यावी लागते. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

सौद्याआधी एवढे करा

- परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचे कर्ज, चलन आणि आरसीची मुदत तपासा.
- सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागा. तो नसेल तर गाडी सोडा.
- त्या ब्रँडवर काम केलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून बघा. कार्पेटखाली गंज किंवा चिखल दिसला तर गाडी पुरात बुडाली असण्याची शक्यता आहे.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी घेतल्यापासून ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कळवा.
- व्यवहार लिहून घ्या, दोन साक्षीदार ठेवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, ओळखीच्या माणसाशी सौदा करतानाही तो लागू होतो.

विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. दोष लपवून माल विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. नाव बदलले नाही तर कायद्यानेही सुटका नाही. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

सगळा हिशोब झाल्यावर एक साधी कसोटी लावा. गाडीची किंमत रोख देऊन झाल्यावर तिच्या निदान एक तृतीयांश इतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला राहते का? राहत असेल तर घरच्यांशी मशवरा करून बिस्मिल्ला करा. नसेल, तर ती गाडी आज तुमच्या ऐपतीतली नाही, मग भाव कितीही उतरलेला असो.