भीती, जमाव आणि सोलापूरचा मे महिना

सोलापूरचा १९३० चा लढा सांगताना आपण हुतात्म्यांच्या निधड्या छातीचे गुणगान करतो. त्या छातीत काळीज किती धडधडत असेल, हे कोणी सांगत नाही. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली आणि शहर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील चौकी जाळली. पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला.

धोका दिसताच स्वायत्त मज्जासंस्था माणसाला न विचारता कामाला लागते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात मांडले होते. अॅड्रेनालिन रक्तात उतरते, नाडी वाढते, पचन मंदावते, रक्त हातापायांकडे धावते. झुंज असो वा पळ, शरीराची तयारी एकच. तेव्हा पळाला तो भ्याड आणि उलटला तो गुंड, हा निवाडा घाईचा होय.

यंत्रमाग कारखान्यांच्या फाटकांवर आम्ही हे पाहत आलो आहोत. नोटीस हाती पडलेला एकटा कामगार थरथरतो. शेजारी ओळखीचा माणूस येऊन उभा राहिला, की त्याचा श्वास संथ होतो. संघटनेचे पहिले काम हेच.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. त्यांची शरीरे आपल्यासारखीच होती, हे मानले तरच त्यांचे धैर्य आपल्याला कळेल.