सेफ्टी शूज: योग्य माप कसे निवडावे?

करमाडजवळच्या शेंद्रा एमआयडीसीतील अनेक कामगारांच्या पायात शिफ्टभर सेफ्टी शूज असतात. बुटाच्या पुढची स्टीलची टोपी वापरून सैल होत नाही. बूट घट्ट असल्यास नख काळे पडते, फोड येतात, कुरूप होते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाल्यास फोड जाणवत नाही. तो चिघळल्यास बोट गमवावे लागू शकते.

माप कसे घ्यावे?

• संध्याकाळी, कामावरचे मोजे घालून, उभे राहून दोन्ही पाय मोजा. मोठ्या पायाचे माप घ्या.
• सर्वांत लांब बोटापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. टाच वर सरकू नये.

मधुमेहींनी तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. कुरूप ब्लेडने कापू नये. फोड किंवा जखम दिसल्यास, दुखत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.