खानाला उतरू द्या
उंबरखिंड, 2 फेब्रुवारी 1661 : घटनाक्रम

शत्रू कुठून येणार हे कळलेलं असतानाही आधी हात उचलायचा नाही, याला मोठा धीर लागतो. 1943 साली कुर्स्कला सोव्हिएत सैन्यानं तो दाखवला. युरी ओझेरोव यांच्या 'मुक्ती' या चित्रपटमालिकेचा पहिला भाग त्याच लढाईवर आहे. आंबा नदीच्या खोऱ्यात हाच डाव 282 वर्षं आधी खेळला गेला. त्याला कॅमेरा लाभला नाही. कवींद्र परमानंद लाभला. त्याच्या 'शिवभारता'च्या आधारे हा क्रम.

नऊ महिने आधी
मे 1660. शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. औरंगजेबाचा मामा, दख्खनचा सुभेदार. शिवरायांनी 1657 मध्ये घेतलेलं कल्याण-भिवंडी त्याला हवं होतं.

साडेपाच महिने आधी
ऑगस्ट 1660. चाकणचा संग्रामदुर्ग पडला. पण भुईकोटातल्या फिरंगोजी नरसाळ्यानं मोगलांना जवळपास दोन महिने खोळंबून ठेवलं होतं. एकेक किल्ला असा घ्यायचा तर मुलूख कधी हाती येणार?

काही दिवस आधी
म्हणून नजर कोकणाकडे वळली. उझबेक सरदार कारतलबखानाला हुकूम सुटला : कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल, नागोठणे. यातलं नागोठणं आज रोहे तालुक्यात आहे. आंबा नदी तिथून पुढे पेणच्या अंगानं धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे शायिस्ताखानाला हवी होती खाडीकाठची बंदरं आणि त्यांची जकात.

सोबत अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे असे सरदार होते. माहूरची सावित्रीबाई देशमुख, म्हणजे रायबागनही होती. या फौजेतल्या मराठी सरदारांना सह्याद्री अनोळखी नव्हता. तरी वाट कारतलबखानाच्या मर्जीची ठरली.

घाटमाथा
लोहगडाच्या दक्षिणेकडून फौज कुरवंड्याच्या बाजूला सरकली. खजिना, जनावरं, सामान सगळं बरोबर. वाटेत कोणी अडवलं नाही. खानाला तो शुभशकुन वाटला असेल तर नवल नाही. माथ्यावर गाठलं असतं, तर तो मागे फिरून पुण्याला गेला असता. महाराजांना तो खाली हवा होता.

उतरण
घाटाची पाऊलवाट नळीसारखी निरुंद. माणसं एकामागे एक उतरू लागली. मोगली फौजेचं बळ तिच्या संख्येत आणि घोडदळात. इथे घोडा दौडवायला जागा नाही आणि लढायला उभं राहू शकतं ते फक्त पुढचं माणूस. जितके जास्त लोक, तितकी शेपटी लांब. मागे फिरायचं तर आपलीच फौज आडवी. लढाई खरं तर इथेच संपली होती. ते फक्त खानाला कळायचं होतं.

पायथा
तुंगारण्य. दाट झाडीत वारा हलत नव्हता. तहानेनं माणसं कासावीस झाली. पुढे आंबा नदीचं पात्र, आजच्या चावणी गावाजवळ. दोन्ही अंगांच्या झाडीत मराठे दबा धरून, अजूनही गप्प.

तोंडं मिटली
पुढची वाट बंद झाली, मागचीही. मग नौबत झडली आणि दोन्ही उतारांवरून बाण-गोळ्या सुटल्या. खानाचे सरदार झुंजले, पण मारा कुठून होतो हेच दिसेना. फौज जागच्या जागी चेंगरू लागली.

शेवटची घटका
रायबागननं खानाला खडसावलं. सिंहाच्या रानात तू फौज घातलीस. आता हट्ट सोड आणि अभय माग, असा तिच्या बोलण्याचा आशय. खानानं वकील धाडला. शिवरायांनी अट घातली : जवळचं सगळं इथे ठेवा आणि जा. खजिना, शस्त्रं, घोडी मागे राहिली. माणसं रिकाम्या हातांनी वर चढली.

त्यानंतर
सगळ्यांना तिथेच कापून काढता आलं असतं. पण कोंडलेला माणूस जिवावर उदार होऊन लढतो आणि त्यात आपलीही माणसं जातात. उलट लुटलेली, हताश फौज पुण्यात परतली की तिच्या तोंडूनच छावणीभर धास्ती पसरते. अभयदानात दया होती, तसा हिशेबही होता.

या विजयानं कोकण कायमचं सुटलं, असं मात्र नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याण मोगलांनी घेतलं. पुढे पेणजवळच्या मिऱ्या डोंगराकडेही मोगलांशी चकमक झडली. उंबरखिंडीनं युद्ध संपवलं नाही. पण मोगलांची गर्दी निष्प्रभ कशी करायची, ते मावळ्यांना इथे नेमकं उमगलं : जागा आपण निवडायची, आणि तिथवर चालत येण्याचं काम शत्रूवर सोडायचं.