सात गुणांची सूट

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे कलकत्ता विद्यापीठाचे पहिले पदवीधर. चरित्रे, कोश आणि सामान्यज्ञानाची पुस्तके यांतून हे वाक्य इतक्यांदा छापून आले आहे, की मूळ निकाल उघडून पाहायची गरज कोणाला वाटत नाही. १८५८च्या एप्रिलमध्ये झालेल्या या पहिल्या बी.ए. परीक्षेसाठी १३ जणांची नावे होती. नियमाप्रमाणे त्यांतला एकही पास झाला नाही.

याला आधार आहे विद्यापीठाच्या सिंडिकेटचे २४ एप्रिल १८५८चे कार्यवृत्त. ठराव एका लांबलचक वाक्याचा आहे. बंकिम आणि जदुनाथ सहापैकी पाच विषयांत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाले आहेत, सहाव्यात जास्तीत जास्त सात गुणांनी कमी पडले आहेत, म्हणून परीक्षक मंडळाच्या शिफारशीवरून खास कृपा म्हणून त्यांना दुसऱ्या वर्गात पदवी द्यावी, मात्र पुढच्या कोणत्याही वर्षी याचा पायंडा समजू नये, असा त्याचा आशय आहे.

हा ठराव शब्द न् शब्द वाचायला हवा. ‘दोघांना सात-सात ग्रेस गुण दिले’ असे सर्रास लिहिले जाते. ठरावातले सात ही कमतरतेची वरची मर्यादा आहे. शिवाय गुण वाढवल्याचे त्यात कोठेही म्हटलेले नाही. गुण होते तेवढेच राहिले आणि कमतरता माफ करून पदवी दिली गेली. आज आपल्याकडे गुणपत्रिकेत अंकांपुढे वाढीव गुण दाखवतात, त्याहून ही रीत वेगळी. बंकिमचंद्र बंगालीतच नापास झाले आणि तो पेपर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी तपासला होता, ही गोष्टही रंगवून सांगितली जाते. ठरावाचे वाक्य फक्त ‘सहावा विषय’ म्हणते, विषयाचे नाव घेत नाही. पुढे बंगाली कादंबरीचा पाया घालणाऱ्या माणसाला बंगालीतच नापास करणे कथा म्हणून झकास आहे, पण त्यासाठी या ठरावाची साक्ष काढता येणार नाही.

मग सगळेच का पडले? मला कारण तारखांत दिसते. विद्यापीठाचा कायदा २४ जानेवारी १८५७चा. त्याच वर्षी पहिली प्रवेश परीक्षा झाली. २४४ जण बसले, १६२ पास झाले. बंकिमचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजच्या कायद्याच्या वर्गातून तिला बसले आणि पहिल्या वर्गात आले. लगेच पुढच्या वर्षी बी.ए.! ही मुले आधीपासून कॉलेजात शिकत होती हे खरे, पण त्यांचे शिक्षण जुन्या शिष्यवृत्ती परीक्षांच्या बेताने झाले होते. विद्यापीठाचा साचा लंडनच्या धर्तीचा, विषय सहा, आणि नव्या नियमांनुसार तयारीला हाती जेमतेम वर्ष. त्याच काळात उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटलेला होता.

मुंबईशी ताडून पाहिले तर हे अधिक पटते. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली आणि पहिली बी.ए. १८६२ साली झाली. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे या तिथल्या पहिल्या चार पदवीधरांना मध्ये तीन वर्षे मिळाली होती. तेव्हा कलकत्त्याच्या मुलांना कच्ची ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्या निकालाने मुलांच्या बुद्धीपेक्षा विद्यापीठाची घाईच जास्त दाखवली, आणि परीक्षक मंडळाने शिफारस केली त्यामागे हीच जाणीव असावी असा माझा तर्क आहे. उरलेल्यांच्या वाट्याला मात्र ती सवलत आली नाही, आणि पहिल्या पदवीधरांचा गौरव करणारी वाक्ये त्यांची साधी दखलही घेत नाहीत.

पदवीदान समारंभ ११ डिसेंबर १८५८ला झाला. सरकारने तोवर वाट पाहिली नव्हती. ऑगस्टमध्येच बंकिमचंद्रांना जेसोरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट नेमले होते. तेव्हा ते नुकते वीस वर्षांचे झाले होते. कायद्याचा अभ्यास त्यामुळे अर्धवट राहिला. बी.एल.ची परीक्षा ते १८६९ साली, नोकरी सांभाळून, पास झाले.