स्टीमिटवरील कूटचलन मोबदला

स्टीमिट हे ब्लॉकचेन तंत्रज्ञानावर आधारलेले समाजमाध्यम आहे. येथे लेखन करणाऱ्या आणि चांगले लेखन निवडून त्याला मत देणाऱ्या सदस्यांना कूटचलनाच्या, म्हणजेच क्रिप्टोकरन्सीच्या, रूपात मोबदला मिळतो. हा मोबदला जाहिरातदार किंवा वाचक देत नाहीत. स्टीम या ब्लॉकचेनवर सतत निर्माण होणाऱ्या नव्या नाण्यांमधून तो दिला जातो. त्यामुळे लेखाखाली दिसणारा डॉलरमधील आकडा म्हणजे लेखकाच्या हाती पडणारी रोख रक्कम नव्हे. तो एका सामाईक निधीतील वाट्याचा बदलता अंदाज असतो.

पार्श्वभूमी

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी स्टीमिट सुरू केले. स्टीम ब्लॉकचेनचा आरंभ २४ मार्च २०१६ रोजी झाला आणि ४ जुलै २०१६ रोजी मोबदल्याचे पहिले वाटप झाले. सर्वसाधारण समाजमाध्यमांवर मजकूर सदस्य लिहितात, परंतु त्यातून होणारी कमाई कंपनीकडे जाते. ही विषमता दूर करणे हा स्टीमिटचा घोषित हेतू होता. लॅरिमर मार्च २०१७ मध्ये कंपनीतून बाहेर पडले.

स्टीम ही मजकूर, मते आणि व्यवहार यांची सार्वजनिक नोंदवही आहे, तर स्टीमिट हे त्या नोंदवहीपर्यंत पोहोचण्याचे एक संकेतस्थळ आहे. साधारण दर ३ सेकंदांनी नोंदींचा एक नवा गट साखळीला जोडला जातो. हे काम ‘साक्षीदार’ म्हणून निवडून आलेले संगणकचालक करतात. पहिले २० साक्षीदार चलनधारकांच्या मतांनी ठरतात.

चलनाची तीन रूपे

स्टीम हे मूळ नाणे असून त्याची बाजारात खरेदी-विक्री होते.

स्टीम पॉवर म्हणजे खात्यात अडकवून ठेवलेले स्टीम. सदस्याच्या मताचे वजन यावरून ठरते. ते पुन्हा विक्रीयोग्य करायचे झाल्यास साप्ताहिक हप्त्यांत काढावे लागते. आरंभी त्यासाठी १०४ आठवडे लागत. डिसेंबर २०१६ मध्ये हा काळ १३ आठवड्यांवर आणला गेला.

स्टीम डॉलर हे एका अमेरिकी डॉलरच्या आसपास राहावे अशा हेतूने रचलेले एकक आहे. प्रत्यक्षात हे मूल्य नेहमी स्थिर राहिले नाही. डिसेंबर २०१७ मधील तेजीत एका स्टीम डॉलरचा भाव १० डॉलरच्या वर गेला होता.

निधीचा उगम

डिसेंबर २०१६ मध्ये नव्या नाण्यांच्या निर्मितीचा वार्षिक दर सुमारे ९.५ टक्के ठरवण्यात आला. तो दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होत जावा, अशी योजना आहे. ऑगस्ट २०१९ च्या नियमांनुसार नव्या नाण्यांपैकी ६५ टक्के लेखक व मतदात्यांच्या मोबदला निधीत, १५ टक्के स्टीम पॉवर धारकांना, १० टक्के साक्षीदारांना आणि १० टक्के विकास प्रस्तावांसाठी जातात.

नवी नाणी बाजारात आल्याने जुन्या नाण्यांचा एकूण पुरवठ्यातील वाटा घटतो. म्हणजेच मोबदल्याचा भार अखेरीस सर्व चलनधारकांवर पडतो. नवे खरेदीदार नसतील तर नाण्याचा भाव उतरतो आणि त्याबरोबर मोबदल्याचे मूल्यही उतरते.

मतदान

स्टीमिटवर ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व नाही. ज्याच्याकडे स्टीम पॉवर अधिक, त्याचे मत अधिक वजनाचे. शंभर नव्या सदस्यांच्या मतांपेक्षा एका मोठ्या धारकाच्या मताने लेखाला अधिक मोबदला मिळू शकतो. पूर्ण ताकदीचे एक मत दिल्यावर मतशक्ती सुमारे २ टक्क्यांनी कमी होते आणि दिवसाला २० टक्के या वेगाने ती भरून येते. त्यामुळे दिवसाला साधारण १० पूर्ण मते देणे परवडते. विरोधी मताने मोबदला कमीही करता येतो.

जून २०१७ पूर्वी मोबदला मतांच्या एकूण वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळत असे. एका लेखाला दुसऱ्याच्या दहापट वजनाची मते मिळाली, तर मोबदला शंभरपट होई. त्यामुळे मोजक्या लेखांकडे बहुतेक निधी जात असे. जून २०१७ मध्ये हे प्रमाण सरळ करण्यात आले.

वाटपाचे उदाहरण

लेख प्रकाशित झाल्यापासून ७ दिवसांनी मोबदला निश्चित होतो. समजा, भाईंदरजवळच्या पाली गावातील एखाद्या सदस्याने बोंबील वाळवण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला आणि सातव्या दिवशी त्याखाली ४० डॉलर हा आकडा दिसला. ऑगस्ट २०१९ च्या नियमांनुसार त्याची विभागणी अशी होते :

• मत देणाऱ्या सदस्यांना मिळून निम्मा भाग, म्हणजे २० डॉलर मूल्याची स्टीम पॉवर.
• लेखकाला उरलेले २० डॉलर. त्यांपैकी १० डॉलर मूल्याची स्टीम पॉवर, जी हप्त्यांनीच काढता येते.
• लेखकाला लगेच वापरता येतील असे १० स्टीम डॉलर. स्टीमच्या एकूण बाजारमूल्याच्या तुलनेत स्टीम डॉलरचे प्रमाण फार वाढलेले असल्यास त्यांच्या जागी पूर्णतः किंवा अंशतः स्टीम मिळते.

अर्थात दिसलेल्या ४० पैकी साधारण १० डॉलरचेच चलन त्या लेखकाला लगेच विकता येते. सात दिवसांच्या काळात इतर लेखांना अधिक मते पडली, विरोधी मते आली किंवा स्टीमचा भाव बदलला, तर मूळ आकडाही बदलतो. आकड्यासाठी वापरला जाणारा भाव साक्षीदारांनी कळवलेल्या दरांच्या साडेतीन दिवसांतील मध्यगेवरून ठरतो. त्यामुळे तो बाजारातील क्षणाच्या भावाशी जुळेलच असे नाही.

मतविक्री आणि नियमबदल

सन २०१७ व २०१८ मध्ये पैसे घेऊन स्वयंचलित मत देणाऱ्या सेवा वाढल्या. मत विकत घेऊन लेख अग्रक्रमावर नेता येऊ लागल्याने, मतांमधून लेखनाचा दर्जा कळतो या मूळ गृहीतकाला तडा गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये मतदात्यांचा वाटा २५ वरून ५० टक्के करण्यात आला आणि विरोधी मतांसाठी वेगळी मतशक्ती देण्यात आली. मत विकण्यापेक्षा चांगले लेखन शोधणे लाभाचे ठरावे, हा यामागील उद्देश होता. मात्र त्यामुळे लेखकाचा वाटा ७५ वरून ५० टक्क्यांवर आला.

भाव आणि नियंत्रणाचा संघर्ष

जानेवारी २०१८ मध्ये स्टीमचा भाव सुमारे ८ डॉलरपर्यंत चढला. त्या वर्षाच्या अखेरीस तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने सुमारे ७० टक्के कर्मचारी कमी केले.

फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी कंपनी विकत घेतली. कंपनीकडे आरंभापासून स्टीमचा मोठा साठा होता. त्या बळावर मतदान होऊ नये म्हणून साक्षीदारांनी तो साठा गोठवला. मार्च २०२० मध्ये काही मोठ्या विनिमय केंद्रांनी ग्राहकांनी ठेवलेले स्टीम मतदानासाठी वापरले आणि जुने साक्षीदार पायउतार झाले. या घटनेनंतर सदस्यांच्या एका मोठ्या गटाने २० मार्च २०२० रोजी हाइव ही स्वतंत्र साखळी सुरू केली. मे २०२० मध्ये स्टीमवरील ६४ खात्यांतील सुमारे २ कोटी ३६ लाख स्टीम नियमबदलाद्वारे काढून घेण्यात आले. कोणाही एकाचे नियंत्रण नसल्याचे सांगणाऱ्या व्यवस्थेतही बहुसंख्य मतवजन हाती असणारे नियम बदलू शकतात, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

भारतातील स्थिती

कूटचलनाच्या व्यवहारांना बँकसेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. तथापि कूटचलन हे भारतात वैध चलन नाही. २०२२ च्या वित्त अधिनियमाने त्याला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ मानले. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. या व्यवहारांतील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का उद्गम करकपातही लागू झाली. मार्च २०२३ मध्ये विनिमय केंद्रे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली.

मोबदला रुपयांत बदलण्यासाठी सामान्यतः विनिमय केंद्राची गरज पडते आणि तेथे ठेवलेल्या नाण्यांवर खातेदाराचे थेट नियंत्रण नसते. मुंबईस्थित वझीरएक्स या केंद्रातून १८ जुलै २०२४ रोजी सायबर हल्ल्यात सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची मालमत्ता चोरीस गेली.

स्टीमिटचा मोबदला आणि ठरावीक परताव्याच्या योजना यांत फरक आहे. ज्या गेनबिटकॉइन योजनेबाबत पुण्यात गुन्हे दाखल झाले, त्या योजनेत बिटकॉइन गुंतवणाऱ्यांना दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन दिले होते. स्टीमिटच्या नियमांत अशी हमी नाही. लेखाला मते न पडल्यास मोबदला शून्य असतो.