खालच्या पट्टीवर काय लिहायचं?

१९७९ साल. कॅलिफोर्नियातलं बर्कली, रात्रीचे अकरा वाजून गेलेत. विद्यार्थ्याच्या खोलीत टेबलावर एडीएम-३ए टर्मिनल आहे, शेजारी फोन. त्याचा रिसीव्हर मोडेमच्या दोन रबरी वाट्यांत पालथा घातलाय. तुम्ही खुर्चीत बसता. तुमची बोटं जिथे टॅब शोधतात तिथे एस्केपची कळ आहे, आणि एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेत. बिल जॉयचा व्हीआय हा संपादक यंदाच मे महिन्यात बर्कलीच्या युनिक्सच्या दुसऱ्या संचातून बाहेर पडलाय. तुम्ही फाइल उघडता.

अक्षरं एकेक करून उमटू लागतात, सेकंदाला तीस. फोनच्या तारेतून ३०० बॉडने एवढीच येतात. चोवीस ओळींचा, ऐंशी खान्यांचा पडदा भरायचा म्हणजे १९२० अक्षरं, चौसष्ट सेकंद. म्हणून व्हीआय अशा तारेवर आठच ओळी दाखवतो. तुम्ही एक ओळ खोडता, तरी खालच्या ओळी वर सरकत नाहीत. रिकाम्या जागी नुसतं @ उमटतं, कारण बाकीचं पुन्हा रंगवणं परवडत नाही.

आणखी एक ओळ उडवावी म्हणून तुम्ही ‘डीडी’ दाबता. ओळ तशीच राहते आणि मजकुरात दोन डी येऊन बसतात. तुम्ही लिहिण्याच्या अवस्थेत होतात, आज्ञेच्या नाही. पडद्यावर हे सांगणारं कुठेच काही नव्हतं.

“अरे, खाली ‘इन्सर्ट’ एवढं तरी लिहायला काय जातं?” तुम्ही खोलीवाल्या पोराला विचारता.

तो पेन्सिल घेतो. कर्सर तळाशी न्यायला चार अक्षरं, शब्दाची सहा, कर्सर परत आणायला चार. झाली चौदा. अवस्था बदलली की तो शब्द पुसायचा. हे टर्मिनल ओळीचं शेपूट एका आज्ञेत पुसू शकत नाही, म्हणजे सहा मोकळ्या जागा लिहायच्या, पुन्हा चौदा. एकूण अठ्ठावीस. “जवळजवळ एक सेकंद, दर वेळी,” तो म्हणतो. “आणि कुठल्या ओळीवर आहेस ते हवं असेल तर कंट्रोल-जी दाब. फाइलचं नाव, ओळ, टक्केवारी, सगळं येतं. विचारलंस की सांगतो.”

त्याचा हिशेब चोख आहे, तरी माघार घेऊ नका. कुठली ओळ हे माणूस विचारू शकतो, कारण ते आपल्याला माहीत नाही हे त्याला ठाऊक असतं. अवस्था चुकलीय हे त्याला ठाऊकच नसतं, मग तो विचारणार कधी? खाडीपलीकडे पालो आल्टोत, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ या संपादकातून अशा अवस्थाच काढून टाकल्या होत्या. तेही एक उत्तर. व्हीआयमध्ये पुढे अवस्था तळाशी दाखवणारा ‘शोमोड’ आला, पण मुळात बंद ठेवलेला. १९९१मध्ये व्हीआयच्याच वळणाचा ब्राम मोलेनारचा व्हिम आला आणि त्यात तो मुळातच चालू असण्याची रीत पडली. बर्कलीतल्या त्या खोलीत तुम्ही मागत होतात ते एवढंच.

आता २०१८च्या ऑक्टोबरात या. विंडोज १.० पासूनचं नोटपॅड समोर आहे. कालपर्यंत ‘वर्ड रॅप’ चालू केलं की खालची पट्टी वापरताच येत नव्हती. आज ती मुळातच चालू आहे आणि ओळ-स्तंभही दाखवतेय. पुढच्या वर्षी तिच्यावर मजकुराची संकेतप्रणालीही येईल. मराठी लिहिणाऱ्याला विचारा यात मोठं काय! इशारा न वाचता ‘एएनएसआय’ या जुन्या संकेतप्रणालीत जतन केलेल्या मराठी लेखाची फाइल उघडल्यावर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसतात, हे ज्याने भोगलंय त्याला पट्टीवरचं ‘यूटीएफ-८’ लाखमोलाचं वाटतं.

आता तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्या भाषेत, ‘क्षितिज’ टाइप करा आणि नजर खाली ठेवा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: क्षि, ति, ज. व्हीएस कोड या संपादकाची पट्टी मात्र आठव्या स्तंभावर पोचते, कारण युनिकोडच्या हिशेबात क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी सात चिन्हं झाली. व्हिमच्या पट्टीवरचा पहिला आकडा बाइटचा, तो २२ दाखवतो. शब्द एकच आहे, मग खरा आकडा कोणता?

शेजारी बसलेली प्रोग्रॅमर मैत्रीण म्हणते, सातच चिन्हं मोजा, कंपायलरच्या चुकांच्या यादीशी स्तंभ जुळला पाहिजे. तिची अडचण खरी आहे. पण २०२३च्या युनिकोड १५.१ने जोडाक्षर एकसंध धरायचा नियम घातलाय, त्यामुळे ‘क्षि’ एकच अक्षर मोजायला आता आधार आहे. अक्षरं तीनच मोजा, बाकीचे आकडे आकड्यावर टिचकी मारल्यावर येऊ द्या.

“मग बॅकस्पेसचं काय?” ती विचारते. ‘क्षि’पुढे बॅकस्पेस दाबला तर आधी फक्त वेलांटी जाते. म्हणजे यंत्रालाही ते एक अक्षर वाटत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो, क्षणभर. मग बाणाची कळ दाबून बघा: बऱ्याच ठिकाणी कर्सर सबंध ‘क्षि’ ओलांडतो, मध्ये कुठे थांबत नाही. पट्टी कर्सर कुठे आहे ते सांगते. पुढचा बॅकस्पेस काय खाईल ते सांगायचं काम तिचं नाही. तिने बाणाबरोबर चालावं.